ठळक जागी लावलेला कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ जूनच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लव्हिंग पतिपत्नींवर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला आणि कात्रण काढून ठेवले. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. व्हर्जिनियात असल्या लग्नाला १६९१ पासून मनाई, म्हणून १९५८ च्या जूनमध्ये दोघे वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आले. पाच-सहा आठवड्यांनी रात्री पोलीस थेट झोपायच्या खोलीत शिरले. भिंतीवर लग्नाचा दाखला लावलेला होता, पण तो इथे चालत नाही म्हणून त्यांना धरून नेले. एक वर्षाची कैद झाली, आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहात असाल तर ती माफ. शेवटी १२ जून १९६७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला, त्याबरोबर आणखी पंधरा राज्यांतलेही. हे सगळे लेखात नीट आले आहे. अलाबामा राज्याच्या घटनेतले तसले कलम काढायला २००० साल उजाडले आणि तेव्हाही दहातल्या चार मतदारांनी ते राहू द्या म्हणून मत दिले, हेही त्यात यायला हवे होते.

माझे पत्र लेखाच्या शेवटाबद्दल आहे. आपल्याकडे अशा लग्नांना कायद्याची आडकाठी कधी नव्हती, जे काय होते ते लोकांच्या मनात, असा लेखकाचा सूर आहे. मी नोंदणी खात्यात चौतीस वर्षे लिपिक होतो, त्यातली शेवटची अकरा वर्षे विवाह नोंदणीच्या टेबलावर. म्हणून सांगतो, आडकाठी होती, कागदावर होती, आणि तिचा एक तुकडा मी स्वतःच्या हाताने टाचण्या मारून भिंतीवर लावत होतो.

आधी जुने सांगतो. इंग्रजी अमदानीत हिंदूंच्या लग्नाला धर्मशास्त्र लागू होते आणि कोर्ट ते वाचून निकाल देई. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचे लग्न प्रतिलोम, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ साली ते बेकायदा ठरवले. १९२२ साली त्याच न्यायालयात वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचे लग्न अनुलोम म्हणून मान्य झाले. म्हणजे लग्न खरे की खोटे, हे बाई वरच्या वर्णाची की पुरुष यावर ठरायचे. हे कुणाच्या मनात नव्हते, निकालपत्रात लिहिलेले होते. आपल्याकडे रात्री पोलीस येत नसत, एवढा फरक मान्य. पण लग्नच बेकायदा ठरले की बाईचा बायको म्हणून हक्क गेला आणि मुले अनौरस झाली.

यातून सुटायला एकच दार होते, १८७२ चा तिसरा कायदा. बंगालमधले सुधारक केशवचंद्र सेन आणि त्यांच्या ब्राह्मो समाजाच्या मंडळींच्या खटपटीने तो झाला. पण त्या दारातून जायचे तर दोघांनी लिहून द्यायचे, की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांतलेही कोणी नाही. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाने लग्नासाठी आपला देव नाकारायचा. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदूंच्या आंतरजातीय लग्नांना मान्यता देणारे विधेयक आणले. ते बारगळले. शाहू महाराजांनी त्याला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ च्या सुमारास आपल्या कोल्हापूर संस्थानात तसा कायदा करूनही दाखवला. नुसता कायदा करून ते थांबले नाहीत. कागलच्या घाटग्यांकडची, म्हणजे आपल्याच भावकीतली मुलगी इंदूरच्या होळकरांकडे द्यायचे त्यांनी ठरवले. मराठ्याची मुलगी धनगराच्या घरात. लग्न लागले ते महाराज गेल्यावर, १९२४ साली.

त्याच इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईशी लग्न केले. लेखातल्या विषयाला आपल्याकडचे याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्मात घेतले, तिचे नाव शर्मिष्ठाबाई ठेवले. धर्म देऊन भागले नाही. एका धनगर घराने तिला आपली मुलगी म्हणून घेतले, तेव्हा कुठे बडवाहला लग्न लागले. सातासमुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या बाईलासुद्धा आधी जात मिळावी लागली.

मधल्या काळात, १९२३ साली, हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आता धर्म न नाकारता आपापसांत लग्न करता येऊ लागले. पण त्याची किंमत वाचा. असे लग्न केले की तो माणूस एकत्र कुटुंबातून त्याच क्षणी तुटला. त्याला दत्तक घ्यायचा हक्क राहिला नाही. आणि तो बापाचा एकुलता एक मुलगा असेल, तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा मिळाली. आपल्याकडे दत्तक कधी घेतात? पोटी मुलगा नसला किंवा असलेला गेला तर. या कलमाने हयात मुलगा मेल्यात जमा केला. गावात जातीबाहेर लग्न केलेल्या पोराच्या नावाने घरचे आंघोळ करीत, श्राद्ध घालीत, असे मी लहानपणी ऐकले होते. कायद्यात तेच वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या लाहोरच्या, तयार असूनही न होऊ दिलेल्या भाषणात सांगितले होते की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी ब्राह्मण घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, हिंदू विवाह वैधता कायदा आला. दोघांची जात, पोटजात वा पंथ वेगळा एवढ्याच कारणाने लग्न अवैध नाही, आणि पूर्वीही कधी अवैध नव्हते असेच मानावे, असे त्यात म्हटले आहे. हे 'पूर्वीही कधी नव्हते' मला फार आवडते. उशिरा का होईना, राज्याने आधीच्या सगळ्यांची लग्ने त्यांना परत केली.

आता १९५४ चा विशेष विवाह कायदा. १ जानेवारी १९५५ पासून तो लागू आहे आणि याच कायद्याखाली मी काम केले. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या दोघांना आपला धर्म ठेवून लग्न करता येते. थोर कायदा आहे, यात शंका नाही. पण त्यात जुने बरेच शिल्लक राहिले. एकत्र कुटुंबातून तुटण्याचे कलम राहिले. १९७६ साली दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर त्यातून सूट मिळाली. जोडीदार मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर हिंदू मुलगा आजही तुटतो. आणि नोटीस राहिली. ती तर वाढली. १८७२ च्या कायद्यात चौदा दिवस थांबावे लागे, स्वतंत्र भारतात तीस दिवस झाले.

काय होते ते वाचकांना सांगतो, कारण ज्यांच्यावर वेळ येत नाही त्यांना हे ठाऊक नसते. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. तीत नाव, वय, धंदा, राहण्याचा पत्ता. ती वहीत चढते आणि वही कुणीही येऊन फुकट बघू शकतो. शिवाय नोटिशीची प्रत कचेरीत 'ठळक जागी' लावायची. कायम वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर प्रत तिकडे जाते आणि तिथेही ठळक जागी लागते. मग तीस दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत आली तर चौकशीला आणखी तीस दिवस. हरकत घ्यायची कारणे मोजकीच आहेत: आधीचे लग्न, वय, संमती देण्याची मानसिक पात्रता आणि निषिद्ध नाते. आईबाप नाराज आहेत, जात वेगळी आहे, धर्म वेगळा आहे, ही कारणे कायद्यात नाहीत. पण कागद वाचणाऱ्याला कायद्याशी देणेघेणे नसते. त्याला तारीख आणि पत्ता पुरतो.

आता माझ्या घरचे. हे आजवर मी बाहेर कुठे बोललेलो नाही.

१९७७ साली मी पंधरा वर्षांचा होतो. आमची आक्का बावीसची, जिल्ह्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिच्या शाळेतले एक गुरुजी आणि ती, दोघांनी रजिस्टर लग्न करायचे ठरवले. आम्ही मराठे, गुरुजी नवबौद्ध. नोटीस दिली. घरी कुणाला पत्ता नव्हता. आठ-दहा दिवसांनी अण्णांच्या नावे एक पोस्टकार्ड आले. अण्णांना अक्षरओळख बेताची, घरी येणारी पत्रे मी वाचून दाखवायचो. तेही मीच वाचले, अंगणात उभा राहून, मोठ्याने. त्या कचेरीतल्या कुणा लिपिकाने, आपल्यातला माणूस म्हणून, कळवले होते. पहिल्या दोन ओळी वाचून झाल्या आणि पुढे काय आहे ते मला डोळ्यांनी दिसले. मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, शेवटच्या 'कळावे'पर्यंत वाचले. आई चुलीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. अण्णांनी कार्ड माझ्या हातून घेतले, चौघडी घालून बंडीच्या खिशात ठेवले, आणि त्याच संध्याकाळी मामांना बोलावणे गेले.

आक्काला दुसऱ्या दिवशी 'आईला बरे नाही' सांगून आणले. तिची नोकरी तिथेच संपली. पुढच्या पंधरवड्यात मामांच्या गावी तिचे लग्न झाले. त्याला नोटीस लागली नाही. तीस दिवस कुणी थांबले नाही. मुलीची संमती आहे का, हे विचारायला कुठल्या कचेरीत ठळक जागी कागद लागला नाही. गुरुजींची बदली झाली, एवढेच पुढे कानावर आले.

१९८६ साली मी याच खात्यात चिकटलो आणि बऱ्याच वर्षांनी, बदल्या होत होत, विवाहाच्या टेबलावर आलो. आक्काला सांगितले, तेव्हा ती ज्वारी निवडत होती. सुपातली नजर न काढता तिने विचारले, "अजून लावतात का रे तो कागद?" मी म्हणालो, लावतात. मीच लावतो.

आमच्या कचेरीत जिन्यासमोर काचेची पेटी होती. पितळी कुलूप, एक किल्ली माझ्याकडे, एक साहेबांकडे. लिलावाच्या जाहिराती, खात्याची परिपत्रके आणि या नोटिशा, सगळे एकाच पेटीत. नोटीस लावली की पहिल्या दोन दिवसांत कुणी ना कुणी येऊन उभे राही. पूर्वी वहीत उतरवून घेत, नंतर मोबाइलवर फोटो काढू लागले. कामाला आलेला माणूस आणि नुसता हे बघायला आलेला माणूस मला पाठमोराही ओळखू येऊ लागला. बघायला आलेला आधी आडनावे वाचतो.

एक मुलगी नर्सिंगचे शिक्षण संपवून नोकरीला लागलेली, मुलगा गाडी चालवायचा. धर्म वेगळे. कागद सगळे चोख. नोटीस दिल्यावर ती परत माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तो कागद जरा खालच्या बाजूला लावाल का?" मी तो पेटीच्या तळाच्या कोपऱ्यात, एका लिलावाच्या जाहिरातीच्या कडेखाली सरकवून लावला. ठळक जागा ती नव्हती. चौकशी झाली असती तर माझी चूक निघाली असती. बाराव्या दिवशी तिचा चुलता येऊन कोपऱ्यातला तो कागद वाकून वाचून गेला. त्यानंतर तिचा फोन लागला नाही. मुलगा रोज येऊन जिन्याशी बसायचा. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही की नोटीस आपोआप संपते. तो दिवस गेल्यावर वहीच्या शेऱ्यात मी 'मुदतबाह्य' लिहिले. त्या वहीत दुसरे काही लिहायला रकाना नाही.

सगळीच अशी गेली असे नाही. तीन साक्षीदार लागतात, तिसरा आयत्या वेळी आला नाही म्हणून खालच्या टपरीवरच्या चहावाल्याने हात पुसून सही केली, अशी लग्ने मी बरीच पाहिली. 'मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो', एवढे एक वाक्य बोलायचे असते, आपल्या भाषेत. ते बोलताना भल्या भल्या धीट मुलांचे आवाज कापतात. तो आवाज ऐकायला मिळायचा म्हणूनच त्या टेबलावरून मी बदली मागितली नाही.

नोटीस हवी म्हणणारे सांगतात, फसवणूक टळते. हे मी हलके घेत नाही. माझ्या काळात एक बाई कडेवर मूल आणि हातात लग्नाचा फोटो घेऊन आली होती आणि तिच्या हरकतीमुळे तिच्या नवऱ्याचे दुसरे लग्न थांबले. पण माझ्या अकरा वर्षांत आधीच्या लग्नाची खरी निघालेली ती एकच हरकत मला आठवते. बाकीच्या हरकती बाप, भाऊ, चुलते आणि ज्यांचे कुणाशीच नाते नाही अशा माणसांच्या होत्या. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला फार तर हजार रुपये भरपाई लावता येते, हा आकडा १९५४ चा आहे. आणि पहिली बायको असताना दुसरे करणारा हिंदू नवरा आजही आळंदीला किंवा मंगल कार्यालयात एका दिवसात अक्षता टाकून मोकळा होऊ शकतो. त्याला कुणी तीस दिवस थांबवत नाही. फसवणुकीची एवढी काळजी असती तर नोटीस सगळ्यांनाच लागली असती. ती मुख्यतः जातीधर्माबाहेर जाणाऱ्यांच्या वाट्याला येते. बरे, त्यातलीही कितीतरी जोडपी नोटिशीला भिऊन शेवटी एकाचा धर्म बदलून मोकळी होतात. ज्या बळजबरीतून सोडवायला हा कायदा आला, तिकडेच नोटीस त्यांना परत ढकलते.

आपलेच राज्य सरकार आंतरजातीय लग्न करणाऱ्या पात्र जोडप्याला पन्नास हजार रुपये प्रोत्साहन देते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे आहेत. २०१८ साली त्यांनी अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करायचे आदेश दिले. जोडप्याला लपायला घर द्यायचे आणि त्याच्या घराचा पत्ता काचेच्या पेटीत लावायचा, हे दोन्ही एकच सरकार करते आहे.

वाट नाही असे नाही. नोटीस घरच्या पत्त्यावर धाडू नका, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले. केरळने २०२० साली या नोटिशा संकेतस्थळावर टाकणे बंद केले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर जोडप्याने स्वतः मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करा, असा निकाल दिला. विवाह हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे आपल्या विधिमंडळाला राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्रापुरती दुरुस्ती करता येईल. वयाचा दाखला, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा विवाह अधिकाऱ्याने तपासावा, खोटे निघाले तर गुन्हा दाखल करावा. त्या कडेवर मूल घेतलेल्या बाईसाठी तक्रारीचे दार उघडे ठेवावे. त्यासाठी पेटी लागत नाही.

आणि दुरुस्ती होईल तेव्हा होवो, खात्यातल्या माझ्या जागी आज बसलेल्यांना एक विनंती. कायदा कागद लावायला सांगतो. ओळखीच्या बापाला फोन करायला सांगत नाही. तो फोन करू नका.

आपल्या लेखाचे कात्रण घेऊन मी आक्काकडे गेलो होतो. ती आता सत्तरीची आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, म्हणून मीच वाचून दाखवले. पोलीस आले, भिंतीवरचा दाखला दाखवला, तिथपर्यंत आलो तेव्हा तिने मला थांबवले. "त्यांच्याकडे दाखला तरी होता," म्हणाली. मग म्हणाली, वाच पुढे.

आपला,
एक सेवानिवृत्त लिपिक, नोंदणी विभाग
(नाव व पत्ता सोबत दिला आहे. आक्काच्या घरच्यांसाठी तो छापू नये, ही विनंती.)